नाव न घेणारी सिस्टर

न्यानिसोने सुनेची नोकरी मोडायचं ठरवलं, त्याला कारण दुमिलेची चड्डी.

पेरणी आटोपली होती. शनिवारी दुमिलेच्या गुरांच्या कुंपणात म्हातारी मंडळी टेकली होती आणि मक्याच्या बिअरचा डबा हातोहात फिरत होता. डबा न्यानिसोकडे आला, तेव्हाच दुमिलेला बोलायचं सुचलं.

"तोलो, काल तुझ्या सुनेनं माझी चड्डी खाली केली."

आमच्या टेकडीवर सगळेच तोलो कुळाचे. त्यामुळे हाक एकाला मारली तरी ऐकतात सगळेच. न्यानिसोचा डबा ओठाशीच थांबला.

"सुई द्यायला," दुमिले म्हणाला. "पण आधी काय विचारलं माहीत आहे? 'बाबा, अंघोळ कधी केली होती?' दवाखान्याच्या सगळ्या बाकड्यादेखत!"

"मग? कधी केली होतीस?" कोणीतरी विचारलं.

"तो प्रश्न वेगळा," दुमिले म्हणाला.

नर्सांबद्दल आमच्याकडे मत पक्कं आहे आणि ते बनवायला कोणाला दवाखान्यात जावं लागलेलं नाही. नर्स रोग्यावर खेकसते. नर्सच्या कानात गेलेला रोग संध्याकाळपर्यंत थिना नदीच्या पलीकडे पोचतो. नर्स परक्या पुरुषांचं नको ते बघते आणि बघून तिला काही वाटत नाही. हे सगळं म्हणून झालं की म्हणणारा खोकला घेऊन दवाखान्यात जातो, आणि बाकड्यावर जागा नाही म्हणून चिडतो.

न्यानिसो घरी आला. बायको मादलोमो चुलीपाशी होती. सून पाठमोरी भांडी घासत होती. त्याने बायकोकडे बघून सुनेला ऐकवलं, "मका गुडघ्याला लागला की तो पांढरा कोट खुंटीला. खुरपणीला माणूस लागतो."

"पिवळं गुडघ्याला लागलं की," मादलोमोने पुढे सांगितलं. "ऐकलंस ना, माकोटी?"

"ऐकलं, आई," सून म्हणाली. तेही भांड्याला.

इथे थोडं थांबायला हवं. मादलोमोचा सासरा होता म्बोनेलो, आणि मक्याला आमच्या भाषेत उम्बोना. सासऱ्याच्या नावातला आवाजसुद्धा सुनेनं तोंडातून काढायचा नाही, ही आमची रीत. तेव्हा चाळीस वर्षं ती मक्याला 'पिवळं' म्हणत होती. सासरा मरून तीस वर्षं झाली, पण मेलेल्यांचे कान जास्त तिखट असतात असं मानतात. आता तिची सून नोसाफो. तिचा सासरा न्यानिसो. पायाला उन्यावो म्हणतात, मांसाला इन्यामा, महिन्याला इन्यांगा. सगळं बंद. शिवाय इन्यानिसो म्हणजे खरं. म्हणजे 'खरं' हा शब्दसुद्धा सुनेला वर्ज्य. तिने 'जसं आहे तसं' म्हणावं. एका घरात दोन बायका. एकीला मका नाही, एकीला पाय नाही, आणि दोघींचं एकमेकींशी बरं चाललेलं.

दवाखान्यातही नोसाफोने रीत सोडली नाही. पायाला ती 'चालणं' म्हणायची. "चालणं वर ठेवा, आजी." पोटुशीला महिने विचारायची ते चंद्राच्या फेऱ्यांनी, "किती फेऱ्या झाल्या?" पहिल्या आठवड्यात लोक हसले. दुसऱ्या आठवड्यात बाकड्यावरचेच एकमेकांना विचारू लागले, "कसं आहे चालणं?" घरात तिचा आवाज उंदराचा. दवाखान्यात तोच आवाज असा, की गुरं बुडवायच्या औषधाच्या हौदापाशी उभ्या माणसालाही आपला नंबर कळावा. दोन्ही आवाज एकाच बाईचे, हे न्यानिसोला ठाऊक होतं, पण त्याने तसं कधी कबूल केलं नव्हतं.

नवरा लुंगिसा प्लॅटिनमच्या खाणीवर होता, वर्षातून दोनदा यायचा. त्याने फोनवर सांगितलं, "ताता म्हणतील तसं." मोठी मदत केली.

मका टिचभर आला. नोसाफो पहाटेचं पाणी आणायची, घरामागून वळसा घालून. कारण घर आणि गुरांचं कुंपण यांच्या मधल्या अंगणातून सुनेने जायचं नाही. कुंपणात पाऊल तर नाहीच, तिथे घराण्याचे पूर्वज असतात. मग कोट चढवून टेकडी उतरायची. दुपारनंतर परत आली की कुदळ. हाताला फोड आले ते तिने स्वतःच बांधले. मका वीतभर झाला.

त्या सुमारास वास यायला लागला.

पेरणीच्या वेळी दंताळ्याचा एक दात न्यानिसोच्या गमबुटातून आरपार गेला होता. त्याने दात उपसला, बूट झटकला, आणि ओळ पुरी केली. दुखलं नाही. दुखलं नाही म्हणजे झालं नाही, असं त्याचं गणित. साखरेचा रोग त्याला दहा वर्षांचा. गोळ्या खुंटीवरच्या डब्यात, झाकण लावलेल्या. गमबूट तो आता झोपतानाच काढायचा, तेही दिवा विझवून.

सकाळी त्याच्यापुढे पेज ठेवायला नोसाफो गुडघ्यावर बसली, मान खाली, डोक्याचं फडकं भुवयांपर्यंत. म्हणजे नाक नेमकं बुटाच्या उंचीला. त्या वासाला नर्सच्या शाळेत धडा होता. तिने वाटी ठेवली, उठली, आणि चुलीपाशी येऊन सासूला हळूच म्हणाली, "आई, घराला पुढे ओढणाऱ्याचं चालणं कुजत चाललंय. वास येतोय. आजच्या आज कोणाला तरी दाखवायला हवं."

सासऱ्याचं नाव नाही, पायाचं नाव नाही, 'त्यांचं' म्हणून बोटही दाखवायचं नाही. याहून स्पष्ट बोलणं सुनेला शक्य नव्हतं.

मादलोमोने ऐकलं आणि घाबरली. घराला पुढे ओढणारा म्हणजे बांटोम. जोडीतला पुढचा बैल, तांबडा, कपाळावर पांढरा. तो गेला तर पुढच्या वर्षी नांगर कोण ओढणार? सून दवाखान्याला निघून गेली, आणि मादलोमोने फडकं आवळून थेट हौद गाठला. तिथला म्झुकिसी गुरांना टोचायचा. त्याला ती हाताला धरून घेऊन आली.

म्झुकिसीने बांटोमचे चारी खूर उचलून पाहिले. चिमटे काढले. खुरांच्या फटीत नाक घातलं. बांटोमने ते सोसलं.

"मावशी, बैल उत्तम आहे."

"सून म्हणाली चालणं कुजतंय. वास येतोय म्हणाली."

"वास येतोय," म्झुकिसी म्हणाला, आणि नाक वर करून वळत वळत गेला ते कुंपणाच्या दगडावर बसलेल्या न्यानिसोपाशी थांबला. "काका, बूट काढा."

"बैल बघायला आलास ना? बैल बघ."

"बैल बघून झाला. बूट काढा."

न्यानिसोने काढला नाही. म्झुकिसीने ओढला. मोजा बुटातच राहिला, आणि करंगळीपाशी जे दिसलं ते बघून मादलोमोने फडक्याच्या टोकाने नाक धरलं. 

"हा बैल असता," म्झुकिसी म्हणाला, "तर मी म्हटलं असतं, ह्याच आठवड्यात विका."

एवढं बोलून तो गेला. औषध त्याच्याकडे गुरांचंच होतं.

न्यानिसो उठला आणि कुंपणात शिरला. आत बांटोमपाशी पालथ्या बादलीवर बसला. विचार करून निवडलेली जागा. डोंगराएवढी नर्स आली तरी ती आधी सून होती, आणि सून कुंपणात येऊ शकत नव्हती.

नोसाफो दुपारी परतली ती कोटातच. मादलोमोने वाटेतच गाठून सगळं सांगितलं. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "मला बैल वाटला गं."

"तसंच बोलले मी," नोसाफो म्हणाली. ती घराला वळसा घालून कुंपणाच्या बाहेर येऊन उभी राहिली. काट्यांच्या फांद्यांतून म्हाताऱ्याची टोपी दिसत होती. ती उंदराच्या आवाजात म्हणाली, "ताता."

टोपी हलली नाही.

"बांटोम," न्यानिसो बैलाला म्हणाला, "बाहेर वारं सुटलंय वाटतं."

 मग नोसाफोने तोंड उघडलं, आणि दवाखान्यातला आवाज प्रथमच आमच्या टेकडीवर चढला.

"बांटोम! तुझ्या मालकाला सांग, कुजणं ही सून नव्हे! ते कुंपण बघून बाहेर थांबत नाही!"

शेजारच्या तीन घरांची दारं उघडली. हौदापाशी, म्हणतात, दोन माणसांनी आपली दवाखान्याची कार्डं चाचपली.

"बांटोम," न्यानिसो म्हणाला, पण आवाज जरा खाली, "सांग तिला, दुखत नाही."

"बांटोम, दुखत नाही हेच तर दुखणं! दुखलं असतं तर मी घरी बसून पिवळं खुरपलं असतं!"

"ते माझं आहे," मादलोमो पुटपुटली. पण त्या वेळी कोण कोणाचा शब्द वापरतंय हे बघायला कोणाला सवड नव्हती.

"बांटोम, आईला आत येऊ दे. कुंपणाचाच एक काटा काढून त्या चालण्याला पाच वेळा टोचायला सांग. तुझ्या मालकाने डोळे मिटायचे आणि मोजायचं. पाच मोजले तर मी आज कोट खुंटीला लावते. मका गुडघ्याला लागायची वाट नाही बघत."

 मादलोमोचं वय आता असं, की तिला आत जायला कोणी अडवत नाही. तिने बाभळीसारख्या लांब काट्यांतला एक तोडला आणि आत गेली. न्यानिसोने डोळे मिटले. बाहेर नोसाफो, दारांत शेजारी, मध्ये बांटोम.

बराच वेळ गेला.

"टोच की," न्यानिसो म्हणाला.

"टोचलं," मादलोमो म्हणाली.

"किती?"

"सहा. एक मी चुकून जास्त टोचलं."

न्यानिसोने डोळे उघडले. पायावर रक्ताचे सहा ठिपके होते. तो त्यांच्याकडे दुसऱ्याचा पाय बघावा तसा बघत राहिला. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बांटोमला जुंपा," तो म्हणाला.

बांटोमला आणि त्याच्या जोडीदाराला लाकडी घसरगाडीला जुंपलं. पेरणीला बियाणाची पोती जिच्यावरून गेली, तिच्यावरून न्यानिसो टेकडी उतरला, घोंगडी पांघरून, ताठ बसून, जसं काही तो बैलालाच दाखवायला नेतोय. वाटेत दुमिले भेटला.

"कुठं, तोलो?"

"बैलाला फिरवतोय."

दवाखान्यात बाकडं भरलेलं होतं. नोसाफो पुढे पोचली होती, कार्डांचा गठ्ठा हातात. तिने तीन नावं पुकारली, तीन माणसं आत गेली. चौथं कार्ड उचललं आणि थांबली.

कार्डावर काय लिहिलंय ते सगळ्यांना माहीत होतं. आता ही काय करते ते बघायला खोकणारेही खोकायचे थांबले.

"तोलो," तिने हळूच म्हटलं.

अर्धं बाकडं उठून उभं राहिलं.

"बसा," ती म्हणाली, सिस्टरच्या आवाजात. बसले. तिने पुन्हा कार्डाकडे पाहिलं. मग दाराकडे. मग नुसतीच उभी राहिली, ओठ मिटून, कार्ड छातीशी. लाजून चूर झालेली सिस्टर लोकांनी पहिल्यांदाच बघितली. बाकड्यावरच्या एका म्हातारीला दया आली.

"न्यानिसो!" ती ओरडली.

आणि मग सगळं बाकडंच, "न्यानिसो! जा रे! तुला बोलावतायत!"

करंगळी वाचली नाही. तालुक्याच्या इस्पितळात ती काढली. डॉक्टर म्हणाला, आठवडा उशीर झाला असता तर पाय घोट्यावरून काढावा लागला असता, मग गुडघ्यावरून. न्यानिसोने करंगळी मागून घेतली. कागदात गुंडाळून घरी आणली आणि कुंपणात पुरली.

"मी पुढं तिथंच जाणार आहे," तो दुमिलेला म्हणाला. "जागा धरायला पाठवलंय."

मग ड्रेसिंग. एक दिवसाआड, नऊ आठवडे. खोलीचं दार लावलेलं, सासरा खुर्चीवर, सून खाली स्टुलावर, त्याचा पाय तिच्या मांडीवर.  पहिल्या दिवशी न्यानिसो भिंतीवरचं हात धुवायचं चित्र बघत राहिला. पाण्याची धार, साबण, बोटांच्या फटी. किती वेळा बघणार? शेवटी खाली बघितलं. तिच्या डोक्यावरचं फडकं घसरून डोळ्यांवर येत होतं. सासऱ्यापुढे वर करायचं नाही, म्हणून ती मान वाकडी करून, एका डोळ्याने जखमेतलं काळं कातरत होती.

न्यानिसो भिंतीवरच्या चित्राला म्हणाला, "कामाला डोळे दोन्ही लागतात. फडकं वर केलं तर कोणी काही म्हणणार नाही."

कात्री थांबली. फडकं दोन बोटं वर गेलं. कात्री पुन्हा चालू झाली.

आणखी एक गोष्ट त्याला हवी होती, पण ती भिंतीला विचारता येईना. म्हणून रात्रीच्या जेवणाला बायकोला म्हणाला, "विचार तिला, दुमिलेला ती सुई कशाची होती."

मादलोमोने विचारलं. नोसाफो मान खाली घालून म्हणाली, "आई, कार्ड कपाटात असतं. किल्ली माझ्याकडे असते. पण तोंड घरी येताना मी तिथंच ठेवून येते."

न्यानिसोने लापशी ढवळली. थोडा खट्टू झाला. मग त्याच्या लक्षात आलं, की याच कपाटात त्याचंही कार्ड आहे, आणि लापशीचे दोन घास जास्त गेले.

बाकड्यावर बसून बसून त्याला आणखीही दिसलं. नोसाफो खेकसते हे खोटं नव्हतं. नळाला पाणी आहे ते न वापरणाऱ्यावर, नंबर मोडून घुसणाऱ्यावर, गोळ्या डब्यात साठवणाऱ्यावर. शेवटच्या प्रकारच्या वेळी ती न्यानिसोकडे बघायची नाही, पण आवाज नेमका त्याच्याच दिशेने यायचा. आणि एकदा पलीकडच्या टेकडीवरची एक पोर पाठीवर निळसर बाळ बांधून पळत आली, तेव्हा नोसाफो खेकसली नाही. बाळ घेतलं, आत गेली. बाहेर कोणी हललं नाही. मग आतून रडं आलं, बारीक, मांजराचं. बाळाचं होतं. बाकड्याने एकदम श्वास सोडला. नोसाफो बाहेर आली, कपाळ पुसलं, आणि म्हणाली, "पुढचं कोण? झोपलात का सगळे?" न्यानिसोला तिचा चेहरा दिसला. तसा चेहरा त्याने एकदाच बघितला होता. दुष्काळात अडलेली गाय मोकळी झाली तेव्हा, पाण्याच्या पिंपात स्वतःचा.

इकडे मका गुडघ्याला लागला.

मादलोमोने त्या दिवशी नवऱ्याकडे बघितलं. न्यानिसोने शेताकडे बघितलं. सकाळी नोसाफो कोट चढवून गेली. न्यानिसोने पालथी बादली उचलली, लंगडत शेतात गेला, रस्त्यावरून दिसणार नाही अशा कोपऱ्यात बादलीवर बसला आणि खुरपायला लागला. खुरपणी आमच्याकडे बायकांची. तो एक हात खुरपायचा, उठायचा, बादली एक हात पुढे सरकवायचा, पुन्हा बसायचा. मादलोमो शेजारच्या ओळीत, हसू गालात धरून.

कोपरा रस्त्यावरून दिसत नव्हता, पण दुमिले रस्त्याने आला नाही.

"अरे! तोलो! बाई झालास की काय?"

"पायाला आराम सांगितलाय," न्यानिसो मान वर न करता म्हणाला. "हातांबद्दल सिस्टर काही बोलली नाही."

"सिस्टर म्हणतोस होय आता?"

"तू चड्डी सांभाळ," न्यानिसो म्हणाला.

मका कमरेला आला, छातीला आला, तुरे काढून मोकळा झाला. कोट खुंटीला लागला तो फक्त धुऊन वाळायला. जखम भरत आली. एक दिवसाआडचं जाणं आठवड्यावर आलं, आठवड्याचं महिन्यावर. बाकड्याची आता सवय झाली होती. नोसाफो कार्ड उचलून गप्प उभी राहिली, की सगळे म्हणायचे, "न्यानिसो!" नवीन माणसाला वाटायचं, ही इथली प्रार्थना आहे.

कणसं भरत आली तेव्हा नोसाफोला तीन आठवड्यांच्या शिक्षणाला म्थाथा शहरात पाठवायचं ठरलं. साखरेच्या रोग्यांचे पाय कसे वाचवायचे, याचंच. लुंगिसाने फोनवर म्हटलं, "ताता म्हणतील तसं." न्यानिसो बायकोला म्हणाला, "सांग तिला, पेटी मोठी ने. थंडी असते तिकडे."

तिच्या जागी शहरातून एक तरुण नर्स आली. हुशार, चटपटीत, मोजे पांढरेशुभ्र. न्यानिसोचा तपासणीचा दिवस होता. तो घोंगडी पांघरून बाकड्यावर बसला. कार्डं झाली, त्याचं आलं.

"न्यानिसो!" नर्सने खणखणीत आवाजात पुकारलं.

न्यानिसो बसून राहिला.

"न्यानिसो! आहेत का?"

बाकडं त्याच्याकडे बघत होतं. दुमिलेने कोपर मारलं. "अरे, तुझं नाव."

"ऐकलं."

"मग ऊठ की."

"असं नाही घेत इथं माझं नाव," न्यानिसो म्हणाला. नर्सकडे वळून, अगदी आदराने, "पोरी, तुझं काही चुकलं नाही. चालणं बरं आहे. सिस्टर परतली की सोमवारी येईन."

तो काठी टेकत उठला आणि गेला. नर्सने कार्ड उलटसुलट करून बघितलं. 'चालणं' कुठे लिहिलेलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यानंतरच्या सोमवारी नोसाफो परत आली. त्या दिवशी न्यानिसो बाकड्यावर सगळ्यांत आधी आला होता, दाढी करून. तिने एकेक कार्ड पुकारलं. मग एक उचललं, बघितलं, आणि ओठ मिटून, कार्ड छातीशी धरून, दारात उभी राहिली.

बाकड्याने श्वास आत घेतला, ओरडायला.

न्यानिसोने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. ती शांतता त्याने पुरी ऐकून घेतली. मग काठी उचलली.

"आलो, सिस्टर," तो म्हणाला, आणि नऊ बोटांवर चालत आत गेला.